झाकली मूठ, उघडी फाईल

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर एक चक्कर मारून बघा. दर तिसऱ्या रूममध्ये एकच उद्योग चाललेला असतो. एका खिडकीत एक्सेल, दुसऱ्या खिडकीत वर्ड, आणि समोर बसलेला बिचारा प्राणी कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट करतोय. ग्राफ जरा ओढून मोठा केला की खालची कॅप्शन उडी मारून पुढच्या पानावर जाते. तिला परत आणलं की टेबल फुटतं. रात्री तीनला फाईलचं नाव ‘फायनल’, साडेचारला ‘फायनल नवीन’ आणि सहाला ‘खरंच फायनल’. मग झेरॉक्सवाला दुकान कधी उघडतो याची वाट बघायची!

असो. हसून झालं, आता मुद्द्याचं. माझं म्हणणं असं की एका प्रयोगाचे सगळे ग्राफ, म्हणजे अगदी सगळे, एकाच प्रोग्राममधून, एकाच फाईलमध्ये, एका दमात निघायला हवेत. त्याने वेळ वाचतो हे तर आहेच. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते वेगळं आहे. हाताने एकेक ग्राफ चिकटवताना आपण नकळत निवड करत असतो आणि त्या निवडीचा हिशोब कुठेच राहत नाही. सुबक दिसणारा ग्राफ आत, वेडावाकडा ग्राफ बाहेर. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण लग्नाच्या बोलणीत चालत असेल, इंजिनिअरिंगमध्ये ती महाग पडते. किती महाग, ते पुढे येईलच. आधी हे करायचं कसं ते बघू, कारण ‘आम्हाला प्रोग्रामिंग येत नाही’ म्हणून अर्धे वाचक इथूनच पान उलटतील.

डिव्हाइस म्हणजे काय रे भाऊ?

‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची फुकट मिळणारी भाषा. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ती सुरू केली आणि तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आपल्याकडे आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प आर, पायथन, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. तेव्हा लायसन्स नाही ही सबब सांगायची सोय नाही.

आरमध्ये ग्राफ काढायला सांगितलं की तो कुठे उमटणार हे ‘डिव्हाइस’ ठरवतं. एरवी हे डिव्हाइस म्हणजे आपली स्क्रीन. पण ‘पीडीएफ’ ही आज्ञा फाईलचं नाव घालून दिली की स्क्रीनच्या जागी ती फाईलच डिव्हाइस होते. टाइपरायटरला कागद लावल्यासारखं. त्यानंतर काढलेला प्रत्येक नवा ग्राफ नव्या पानावर जातो. बारा ग्राफ काढा, बारा पानांची एक फाईल तयार. सगळं झालं की ‘डेव्ह डॉट ऑफ’ ही आज्ञा देऊन डिव्हाइस बंद करायचं. हे विसरलं तर फाईल अर्धवट राहते आणि उघडतच नाही. मग ‘पेनड्राइव्हमध्ये व्हायरस होता’ म्हणून शेजारच्याच्या नावाने खडे फोडायला आपण मोकळे!

आता यात लूप घाला. बारा नमुन्यांची माहिती एका टेबलात आहे. प्रोग्रामला सांगायचं, पहिल्या नमुन्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येकाचा ग्राफ काढ आणि मथळ्यात त्याचा नंबर टाक. मथळा आणि आकडे एकाच ओळीतून येतात, त्यामुळे सातव्या नमुन्याच्या ग्राफखाली आठव्याचं नाव लागायचा प्रश्नच येत नाही. हाताने चिकटवताना पहाटे चार वाजता नेमकं हेच होतं, आणि ते व्हायव्हात सापडतं. शिवाय गाइड सरांनी शेवटच्या दिवशी ‘किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर नको, मेगापास्कल करा’ म्हटलं तर एक ओळ बदलून प्रोग्राम पुन्हा चालवायचा. बाराच्या बारा पानं नवीन! वर्डवाल्याची मात्र पुन्हा एक रात्र गेली. (एक टीप: ‘जीजीप्लॉट’ वापरत असाल तर लूपच्या आत ‘प्रिंट’ लिहायला विसरू नका, नाहीतर फाईलमध्ये एकही ग्राफ येत नाही आणि चूक काय तेही कळत नाही.)

पायथनवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘पीडीएफपेजेस’ नावाची सोय हेच काम करते. फक्त प्रत्येक पान साठवल्यावर ती आकृती बंद करत जा, नाहीतर वीसच्या वर आकृत्या उघड्या राहिल्या की प्रोग्राम कुरकुर करतो आणि मेमरी खातो. मॅटलॅबमध्ये ‘एक्सपोर्टग्राफिक्स’ला ‘अपेंड’ करायला सांगितलं की त्याच पीडीएफला पुढचं पान जोडलं जातं. आणि ज्यांचा जीव एक्सेलमध्येच अडकलाय, त्यांनी निदान पीडीएफ करताना ‘एन्टायर वर्कबुक’ हा पर्याय निवडावा. सगळ्या शीट एका फाईलमध्ये येतात. म्हणजे बहाणा कुणालाच नाही.

एक पान की एक खिडकी?

सगळे ग्राफ एका फाईलमध्ये आले म्हणजे काम संपलं असं नाही. एका पानावर एक ठेवायचा की एकाच पानावर बाराची जाळी करायची, हाही विचार करावा लागतो. माझ्या मते दोन्ही हवं. सुरुवातीला एका पानावर सगळे लहान लहान, म्हणजे एका नजरेत कळतं की अकरा सारखे आहेत आणि एक वेगळाच चाललाय. पुढे प्रत्येकाचं मोठं पान, बारकाईने बघायला.

जाळीत एक गोष्ट सांभाळायची: सगळ्यांचे अक्ष सारखे हवेत. समजा तीन काँक्रीट क्यूबची ताकद आली २४, २५ आणि २६. उभा अक्ष शून्यापासून सुरू केला तर तिन्ही बार जवळजवळ सारखे दिसतात. तोच २३ पासून सुरू केला तर तिसरा बार पहिल्याच्या तिप्पट! आकडे तेच, पण बघणारा फसला. एक्सेल प्रत्येक ग्राफचा अक्ष आपोआप, आपल्या मर्जीने ठरवतं, त्यामुळे वेगवेगळे काढून शेजारी चिकटवलेले ग्राफ खरं म्हणजे तुलना करायच्या लायकीचे नसतात. जीजीप्लॉटमध्ये ‘फॅसेट’ वापरलं तर वेगळं काही न सांगता सगळ्या खिडक्यांना एकच मोजपट्टी लागते. साध्या आरमध्ये ती स्वतः द्यावी लागते, पण एकदाच.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन सांगते. पीडीएफमधला ग्राफ रेषांच्या स्वरूपात साठवलेला असतो, त्यामुळे कितीही मोठा केला तरी फाटत नाही. स्क्रीनशॉट मात्र छापल्यावर धुरकट येतो. पण एकेका पानावर पन्नास हजार टिंबं असतील तर तीच पीडीएफ इतकी जड होते की लॅबमधला कॉम्प्युटर मान टाकतो; अशा वेळी पीएनजी बरी. झेरॉक्स काळी-पांढरी निघते, तेव्हा ‘लाल रेषा बघा’ असं लिहू नका. रेषा तुटक, ठिपक्यांची अशी वेगवेगळी करा. आणि अक्षावर मराठी नावं हवी असतील तर आरचं साधं पीडीएफ डिव्हाइस अक्षरांच्या जागी नुसती टिंबं छापतं. त्यासाठी ‘कैरो पीडीएफ’ हे दुसरं डिव्हाइस वापरून बघा.

आकडे एक, चित्रं चार

काही जण म्हणतील, ‘एवढे ग्राफ हवेत कशाला? सरासरी काढली, सहसंबंध काढला, टेबल दिलं, विषय संपला.’ या मंडळींसाठी फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली एक झकास उदाहरण करून ठेवलंय. त्याने अकरा-अकरा टिंबांचे चार संच बनवले. चारही संचांत आडव्या अक्षावरची सरासरी ९. उभ्या अक्षावरची सरासरी ७.५. सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२. चारही संचांतून जाणारी सरळ रेषाही तीच: ३ अधिक एक्सची निम्मी पट. टेबलात बघितलं तर चौघं जुळे भाऊ!

आता त्यांचे ग्राफ काढा. पहिला नेहमीसारखा, रेषेच्या आजूबाजूला विखुरलेला. दुसरा चक्क वक्र, तिथे सरळ रेषा काढणंच चूक. तिसरा एकदम सरळ, पण एक टिंब उंच उडालेलं आणि त्याने सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतलेली. चौथ्यात दहा टिंबं एकाच उभ्या रेषेत आणि लांब एकटं अकरावं. त्या एकट्याच्या जिवावर अख्खा सहसंबंध उभा आहे. हे चारही संच आरमध्ये ‘अँस्कम’ नावाने आधीच भरलेले असतात. आज रात्री जेवण झाल्यावर चारही ग्राफ एका पानावर, सारख्या अक्षांनी काढून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि मग विचार करा, चारांतला फक्त पहिला ग्राफ रिपोर्टात लावला आणि बाकी तिघांची नुसती सरासरी दिली, तर वाचणाऱ्याला संशय तरी येईल का?

जे ग्राफमध्ये आलंच नाही

आता ती महागात पडण्याची गोष्ट. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि आतले सातही जण गेले. उजव्या बूस्टर रॉकेटच्या एका जोडातली रबरी ओ-रिंग थंडीने ताठरली, जोड नीट बंद झाला नाही आणि आतला तप्त वायू बाहेर पडला. उड्डाणाच्या वेळी हवेचं तापमान होतं ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम २ अंश सेल्सिअस.

आदल्या रात्री याच विषयावर फोनवर लांबलचक चर्चा झाली होती. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांचं म्हणणं होतं की ५३ अंशांच्या खाली उडवू नका. त्यांनी घाईघाईत तक्ते करून फॅक्सने पाठवले. पण चर्चेत तुलना झाली ती ज्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा झाली होती फक्त त्यांची. सगळ्यात थंड ५३ अंशांच्या उड्डाणात इजा होती आणि ७५ अंशांच्या उबदार उड्डाणातही होती. मग थंडीचा संबंध काय? नुसतं एवढंच समोर ठेवलं तर तुम्हा-आम्हालाही काही दिसणार नाही.

अपघातानंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाने आपल्या अहवालात दोन ग्राफ शेजारी शेजारी दिले. एकात फक्त इजा झालेली उड्डाणं, दुसऱ्यात इजा न झालेलीसुद्धा. दुसरा ग्राफ बघितला की अंगावर काटा येतो. ६६ अंश किंवा त्याहून उबदार अशा वीस उड्डाणांत त्रास दिसला फक्त तीनदा. ६३ अंश किंवा त्याहून थंड अशी उड्डाणं होती चार, आणि चारही वेळा त्रास! जी उड्डाणं ‘सुरळीत झाली, त्यात काय बघायचं’ म्हणून बाजूला राहिली, थंडीचं खरं चित्र त्यांच्यामुळेच दिसत होतं.

आता एका ग्राफमुळे अपघात टळला असता असं छातीठोकपणे सांगणं बरोबर नाही. इंजिनिअर ‘नको’ म्हणत होते आणि वरच्यांनी त्यांचं ऐकलं नाही, हीही त्या रात्रीची गोष्ट आहे. पण सगळी २४ उड्डाणं दाखवणारं एक पान त्या रात्री टेबलावर असतं, तर ‘नको’ म्हणणाऱ्यांच्या हातात केवळ मत नव्हे, पुरावा असता. आणि बघा, त्यांनी मुद्दाम काही लपवलं नव्हतं. धोका सांगण्याच्या तळमळीत त्यांनी इजा झालेलीच उड्डाणं घेतली. म्हणजे निवड प्रामाणिकपणे केली तरी घात होतो. आपण तर मार्कांसाठी करतो!

पण सगळंच का दाखवायचं?

याला तीन आक्षेप येणार, ते आधीच घेते.

पहिला: ‘रिपोर्टमध्ये चाळीस ग्राफ कोण वाचणार?’ कुणीच नाही, मान्य. रिपोर्टमध्ये निवडक तीन-चारच असावेत. पण ते निवडले कशातून, हे दाखवणारी पूर्ण फाईल सोबत हवी. तिला पाननंबर, अनुक्रम आणि प्रत्येक पानावर मथळा हवा, नाहीतर चाळीस पानांचा तो नुसता ढिगारा. छापायचीही गरज नाही. प्रोग्राम आणि मूळ आकड्यांसोबत तशीच जमा करा. निवड करणं हा गुन्हा नाही, निवडीचा माग पुसणं हा आहे.

दुसरा: ‘खराब रीडिंग टाकून द्यायलाच हवं, त्याचा ग्राफ कशाला?’ टाकून देण्याचेही नियम असतात हो. आपल्या सिव्हिलवाल्यांना विचारा. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत लिहिलंय की नमुन्याची ताकद म्हणजे तीन क्यूबची सरासरी, आणि एखाद्या क्यूबचा आकडा सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वर-खाली गेला तर त्या नमुन्याचा निकालच बाद. हा नियम आकडे यायच्या आधी ठरलेला आहे. आणि तो असं म्हणत नाही की नडणारा क्यूब गुपचूप काढून टाका आणि उरलेल्या दोघांची सरासरी लिहा. आपण लॅबमध्ये कधी कधी काय करतो ते ज्याचं त्याने आठवावं. बाद केलेल्या नमुन्याचा ग्राफही फाईलमध्ये राहू दे, वर ‘बाद’ असं लिहून आणि खाली कारण देऊन.

तिसरा आक्षेप जरा खरा आहे: ‘दोन ग्राफसाठी कोण प्रोग्राम लिहीत बसणार?’ दोनच असतील आणि पुन्हा काढायचे नसतील तर खुशाल चिकटवा, माझी हरकत नाही. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये दोन ग्राफवर कुणाचं भागतं ते मला दाखवा.

सर आणि मॅडम, हे तुमच्यासाठी

इथपर्यंत विद्यार्थ्यांना उपदेश झाला. पण टाळी एका हाताने वाजत नाही. वेडावाकडा ग्राफ आम्ही का लपवतो? कारण तो दिसला की मार्क जातात. रीडिंग सरळ रेषेत बसलं तर दहापैकी नऊ, नाही बसलं तर ‘रिपीट’. मग हुशार पोरं काय शिकतात? आधी उत्तर माहीत करून घ्यायचं आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंग लिहायची. मागच्या बॅचच्या जर्नलचा बाजारभाव उगीच नाही टिकून राहिला!

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. टर्मवर्कमध्ये रिपोर्टसोबत तीन गोष्टी मागा: मूळ आकड्यांची फाईल, प्रोग्राम आणि त्यातून निघालेली सगळ्या ग्राफची एक पीडीएफ. व्हायव्हात ती पीडीएफ कुठल्याही पानावर उघडा आणि विचारा, ‘हा असा का आला?’ ज्याला सांगता येईल त्याला मार्क द्या, ग्राफ कितीही वाकडा असू दे. लोडसेल सैल होता, क्यूबचा पृष्ठभाग सपाट नव्हता, व्होल्टेज खाली-वर होत होतं, ही उत्तरं म्हणजेच तर इंजिनिअरिंग. आणि ज्याची चाळीसच्या चाळीस पानं गुळगुळीत सुंदर असतील, त्याला दोन प्रश्न जास्त विचारा.

याने कॉपी एका दिवसात बंद होईल असं मी म्हणत नाही. प्रोग्रामही कॉपी करता येतो आणि आकडे बनवताही येतात. पण चाळीस पानांचे खोटे आकडे एकमेकांशी जुळवत बसण्यापेक्षा प्रयोग खरोखर करणं सोपं पडेल, एवढं गणित आपल्या हॉस्टेलमधल्या कुणालाही जमतं.

उद्या आपल्यातलं कुणी पुलाचं काँक्रीट तपासेल, कुणी औषधाच्या कारखान्यात मशीनची रीडिंग बघेल, कुणी बॉयलरसमोर उभं असेल. तिथे व्हायव्हा घ्यायला एक्स्टर्नल येत नाही. तिथे लपवलेला ग्राफ दुसऱ्याच कुणाच्या तरी जिवावर बेततो. मूठ उघडायची सवय इथेच लागली तर बरं. फाईल बंद करताना ‘डेव्ह डॉट ऑफ’ तेवढं विसरू नका!